नाडी पंच्याऐंशी

४ नोव्हेंबर
घोडेगावात आले एकदाची! जनावरांच्या खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणून पहिली नोकरी, मागेच राहायला खोली, खोलीमागे कडूबाईंचं घासाचं रान. आईनं दहादा बजावलंय, छातीत पेसमेकर आहे, जप. जपायचं ते एवढंच, चुंबक वीतभर तरी लांब हवं. त्याहून जवळ आलं की यंत्र एकाच ठेक्यावर अडतं, माझं मिनिटाला पंच्याऐंशी. लांब गेलं की पुन्हा नीट. आणि नशीब बघा, इथं कामच चुंबकाचं! गाई चाऱ्यातून तारा-खिळे गिळतात, म्हणून पोटात बोटाएवढं चुंबक सोडतात. ते जन्मभर आत राहतं. आधीच आहे का हे पाहायला मोबाईलचं होकायंत्र गाईच्या कोपराशी धरायचं, सुई फिरली तर आहे. ही युक्ती इथले मदतनीस रखमाजी यांची. चुंबकाला हातही तेच लावणार.

८ नोव्हेंबर
कडूबाईंची चांदी गाय चारा खाईना. सुई ढिम्म हलली नाही. मग माझ्या सांगण्यावरून रखमाजींनी चुंबक सोडलं, मी वर गूळ चारला. कडूबाई हसून म्हणाल्या, जो हातानं चारील त्याच्या मागं मागं फिरती ही, लई मायाळू हाय.

११ नोव्हेंबर
चांदी गेली. रानातच पुरली. रडता रडता कडूबाई बोलून गेल्या, दोन वर्सांमागं पयल्या डाक्टरनं बी चुंबक सोडलं हुतं. खोलीत येऊन मोबाईलचं कव्हर काढलं आणि सुई गर्रकन फिरली. कव्हरच्या झाकणातच चुंबक होतं, त्यानंच सुई धरून ठेवली होती. म्हणजे चांदीच्या पोटात दोन झाली, एकमेकांकडे ओढली गेली आणि मधला जठराचा पडदा चिमटून फाटला. कडूबाईंना मी सांगितलं, गिळलेल्या तारेनं गेली. खोटं बोलले. स्वतःची लाज वाटते.

१३ नोव्हेंबर
भर दुपारी सुई उत्तर सोडून रानाकडे. चांदीला पुरलं तो खड्डा इथून चाळीस पावलं. इतक्या लांबून कुठल्याच चुंबकाचं काही चालत नाही.

१४ नोव्हेंबर
सुई आता खड्ड्याकडे नाही. सकाळी घासाकडे होती, दुपारी कुंपणाकडे. रखमाजी म्हणाले, मोबाईल बिघडला आसंल. त्यांचा पाहिला. तोही तसाच.

१५ नोव्हेंबर
बाजारात गेले, सुई पाठीमागे. वळले, तरी पाठीमागे. छातीत धक्का बसला म्हणून नाडी मोजली. पंच्याऐंशी. जीव खाऊन पळाले, तरी पंच्याऐंशीच. डोळ्यांपुढे अंधारी. रस्ता ओलांडला, माझ्यामागे ट्रक आडवे आले, तेव्हा कुठे नाडी त्या ठेक्यातून सुटली. हे असंच राहिलं तर हृदयाचा ताल चुकेल. मला मरायचं नाही.

१६ नोव्हेंबर
कडूबाईंना खरं सांगितलं, सुईचंही. पाय धरले. त्या खूप रडल्या. म्हणाल्या, मी माफ केलं बाई, पर ती रागानं न्हाई येत. तुमी चारलंय तिला. लांब ऱ्हा म्हून तिला कोन सांगनार?
उद्या पहिल्या एसटीनं घरी.

१७ नोव्हेंबर
सकाळ. बॅग भरली. दार उघडवत नाही — सुई दाराकडे.
रखमाजींना फोन केला. येतो म्हणाले.
सुई भिंतीकडे. आता खाटेकडे — आता नुसती गरगर —
एवढी भीती, तरी नाडी एकाच ठेक्यात. पंच्याऐंशी. पुन्हा मोजली. पंच्याऐंशी.
म्हणजे वीतभराच्या आत. दाराला कडी तशीच आहे —
पानावर लाळ पडली. माझं तोंड तर कोरडं —