आठ अमर माणसं आणि आमसुलांची बरणी

मी बाळकृष्ण साटम, वय एकसष्ट, धंदा एसी दुरुस्ती, मूळ गाव तरळे, हल्ली मुक्काम आखातात, अल खौद, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. पत्नी भाजी आणायला गेली आहे. प्रकृती ठणठणीत. तरी मृत्युपत्र कशाला, ते पुढे येईलच.

गावचं घर आणि बँकेतली ठेव पत्नी वसुंधरा हिला.

हत्यारं मेव्हणा बंटी याला. त्याने नेलेली ड्रिल मशीनही त्यालाच दिली असे समजावे. तो तसेच समजतो.

आता बरणी. अस्सल जुनी चिनी, निळ्या चित्रांची. इब्रीच्या अर्बाबांनी, म्हणजे तिथल्या अरब मालकांनी, माझ्या कामावर खूश होऊन दिली. बंटी तिला नकली म्हणतो. त्याच्या हातातलं घड्याळ बघता नकली मालाची पारख त्याला असणारच. बरणीवर सात बाप्ये, एक बाई, करकोचे, आणि झाकणावर अर्धं निळं, अर्धं पांढरं वर्तुळ. वसुंधरा म्हणाली, "रांगोळी अर्धी टाकून उठलेत वाटतं!" आणि आत आमसुलं भरली. मी बोंब मारली, तर म्हणते, "मग बरणीत काय भरतात, तुमचे स्क्रू?"

लेक शिवांगीने मोबाइलवर शोधलं. "बाबा, हे चिनी ताओ धर्मातले आठ जण. ते कधीच डाय नाही होत." त्यातला गाढवावर उलटा बसलेला म्हातारा दिसला की वसुंधरा म्हणते, "हे आमचे हे."

येत्या रविवारी वसुंधरेच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. काल तिने परस्पर वाटणी सुरू केली. पाटल्या शिवांगीला, कुकर शेजारणीला. मग बरणी रिकामी करून, धुऊन, शिवांगीसाठी कागदात गुंडाळली. माझं डोकंच फिरलं. बरणी माझ्या मालकीची आहे! मी कागद फाडला, आमसुलं परत भरली आणि लिहायला बसलो. सबब सदर बरणी, आठही अमर माणसांसह, माझ्या पश्चात फक्त वसुंधरेला मिळावी.

वकील रमण दातार म्हणतात, "साटम, वहिनी आधी गेल्या तर बरणी कुणाला, हे कलम घालावं लागतं."

नाही घालणार.

"अहो, तशी पद्धत आहे."

असेल. माझा हात उठत नाही. मला भीती वाटते. तिच्याशिवाय मला दुसरा वारस नको. खलास.

सही: बाळकृष्ण साटम

साक्षीदार: शरीफ परकार, किराणा दुकानदार, सीब
सौ. रेखा नाईक, शेजारी

अल खौद, १० मार्च २०१६

वारसाची सही लागत नाही म्हणतात, तरी करते. सगळं वाचलं. आमसुलं ओल्या हातांनी भरलीत, उन्हात घाला. येते मी.
वसुंधरा