साहूचा घोटा, माझा हात

१२ नोव्हेंबर
साहू भैयाचा घोटा आज चौदा! काटकोनापासून पंजा चौदा अंश वर. दसऱ्याआधी माझ्या फिजिओच्या क्लिनिकात आला तेव्हा दोनही नव्हता. सिलतऱ्याच्या प्लांटात अठरा वर्षं क्रेनचा उभा लोखंडी जिना चढला-उतरला, खरचटलं नाही. अन् हरेलीच्या सणाले पोट्ट्यांसमोर शायनिंग मारायले गेडीवर, बांबूच्या उंच काठ्यांवर, चढला, पडला, प्लेट बसली. चाळिशीत! पहिल्याच दिवशी झापलं होतं मी.

आज माझ्यासमोरच त्यानं प्लांटमध्ये फोन लावला. १ डिसेंबरला सेफ्टीवाले जिना चढवून-उतरवून पाहणार. जमलं तर क्रेन परत. नाही तर गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं, कायमचं. "हो जाएगा न, दीदी?" मी म्हटलं, हव. छाती ठोकून.

१५ नोव्हें.
नागपूरहून परत. लग्न छान झालं, पाय सुजले. मागं दोन दिवस मीनलनं क्लिनिक सांभाळलं, माझ्याच हाताखाली शिकलेली पोट्टी. तिनं साहूच्या फाइलीत लिहून ठेवलं : ६.

सहा!! फोन केला. "गोनिओमीटर धरता येते का तुले?" ती म्हणे, "ताई, दोनदा मोजलं." कोन मोजायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, त्यात चुकायसारखं आहे काय?

जेवताना हेच पुराण. आमचे हे, रेल्वेतले रिटायर फिटर, जेवून राहिले होते. मग म्हणे, "पंजा वर ढकलताना जोर किती लावते तू?"
जितका लागते तितका.
"हे माप झालं काय? आम्ही नटसुद्धा असा कसत नव्हतो."
मी ताट उचलून उठली.

१८ नोव्हें.
गच्चीवर दोन दिवस यांची ठोकठोक. आज हाती दिलं. तळपायाएवढी लाकडी पाटी, टाचेले अडण, पट्टा. पुढच्या टोकाले कडी, कडीत सामान तोलायचा स्प्रिंगकाटा. बाजूले कंपासपेटीतला कोनमापक. काटा दहा किलोवर येईपर्यंत ओढायचं, थांबायचं, कोन वाचायचा. एका हातात मावते. "कोणीही ओढो, दहा म्हणजे दहा," म्हणे.

यांच्या घोट्यावर तीनदा मोजलं. मग यांनी माझा मोजला, तीनदा. दरवेळी तेच. मी तारीफ केली नाही. उद्या पाहू.

१९ नोव्हें.
साहू. दहा किलोवर : सहा. पुन्हा : सहा.

मग माझ्या नेहमीच्या पद्धतीनं ओढलं, चौदा येईपर्यंत. काट्याकडे पाहिलं. एकोणीस किलो.

देवा. म्हणजे तो आशेनं तोंडाकडे पाहे, मले कीव ये, अन् हात आपसूक जोर लावे. दर आठवड्याले थोडा जास्त. फाइलीत चढत गेले ते आकडे अर्धेअधिक माझ्या मनगटाचे. तीस वर्षं हे काम करून राहिली मी! नाचता येईना अंगण वाकडं, अन् बोलणी खाल्ली मीनलनं. तिले फोन करून माफी मागितली. लाज वाटली, खूप.

साहूले सांगायची हिंमत नाही झाली आज.

२० नोव्हें.
सांगितलं. बराच वेळ तो टाक्यांच्या खुणेवर बोट फिरवत बसला.
"मतलब मैं ठीक नहीं हो रहा था, दीदी. आप जोर लगा रही थीं."
म्हटलं, थोडे तुम ठीक हुए, बाकी मैंने खींचा.

तारीख पुढं ढकलायले मी फोन करू का? नको म्हणे, एकदा ढकललं की सरळ गेटवर. बरं. मग अकरा दिवस. सकाळी सात, संध्याकाळी सहा, सुट्टी नाही. जिना उतरताना मागच्या पायाचा घोटा वाकला नाही तर टाच उठते अन् माणूस पुढं जाते. माझ्या अंदाजानं दहा तरी पाहिजे. खरे दहा.

२४ नोव्हें.
सात. पायरीवर पंजे टेकवून टाच खाली सोडायची, रोज वाढवत. त्याची बायको आली, फरे घेऊन. तांदळाचे, वरून तीळ, गरम. नवऱ्यामागं उभी राहून काट्यावर नजर : "दीदी, दस पे ही रोकना." तिचा विश्वास उडाला माझ्यावरून. बरोबर आहे तिचं.

बाकीचे पेशंटही पुन्हा मोजून राहिली. चौघांचे आकडे उतरले. चौबे कॉलोनीचे आजोबा चिडले, मागच्या आठवड्यात बरा होतो, तुमच्या पाटीनं बिघडवलं म्हणे. आता त्यांना काय सांगावं!

२७ नोव्हें.
आठ. दुखते म्हणे. दुखलं तर चालते, सुजलं तर नाही. सुजलं नाही.
घरी यांना म्हटलं, चांगलं बनवलं तुम्ही. हे म्हणे, "काय?" दुसऱ्यांदा म्हणणार नाही.

३० नोव्हें.
नऊ. तीनदा मोजलं. नऊ.

प्लांटले माझा कागद पाहिजे. साहू हळूच म्हणे, "थोड़ा और खींच दो न, दीदी. बस एक."

हात शिवशिवला. खोटं काहून लिहू, दहाच्या वर अर्धा किलो ओढलाही होता मी. काटा डोळ्यांसमोर होता म्हणून सोडला. कागदावर लिहिलं : नऊ अंश, दहा किलोवर. पहिल्यांदा उतरताना खाली कोणी उभं असावं.

त्यानं वाचला. घडी केली, खिशात टाकला, चपला घालू लागला. मले वाटलं, संपलं आता, उद्या जातही नाही हा.

दारात थांबला. "आठ बजे निकलना है. नीचे आप खड़ी रहोगी न?"

हव म्हटलं.