धनीबाईची सुट्टी

३ जून १९६१
या बढतीची खरी किंमत अशी: उमरखेडचं घर सुटलं, बायको माहेरी रुसून बसली आणि ट्रंकेची कडी बाभुळगावच्या स्टँडवर तुटली. पण चपराशाचा हेडक्लार्क झालो, ते काय फुकट? वणीकडच्या या सरकारी दवाखान्यात डॉक्टर निम्मा वेळ दौऱ्यावर. माणसं सांभाळायची मी. माझ्या हाताखालचं माणूस पळालं, असं आजवर झालेलं नाही.

५ जून
कान माझे तिखट. संध्याकाळी पाळी सुटताना वॉर्डबॉय फुलचंद कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, धनीबाई, सुट्टी झाली वं, घरी जाय. विचारलं तर म्हणे, तांड्यावरची धनीबाई इथं आया होती. पटकीच्या साथीत बदली माणूस आलं नाही, म्हणून ती जागची हलली नाही, तिथंच गेली. तवापासून रोज तिले सुट्टी द्या लागते, साहेब. मी हसलो. मेलेल्यांना रजा देणारं खातं सरकारनं अजून काढलं नाही, म्हटलं. प्रथा बंद. वर नवा हुकूम: बदली आल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही.

९ जून
शिस्तीचा गुण बघा! न सांगता फरशी पुसलेली, घागरी भरलेल्या. नर्स प्रभावती म्हणते, मी नाही केलं. फुलचंदही नाही म्हणतो. गुणी माणसं!

१२ जून
पेशंट म्हणतात, पाणी पाजणाऱ्या आयाचा हात फार गार. आपल्याकडे आया नाही. ती जागा अजून रिकामीच.
फुलचंद आला नाही. निरोप आला, तिची सुट्टी काहून बंद केली?

१३ जून
प्रभावतीचा दीर फाटकाशी. तिचं लेकरू तापानं फणफणलंय म्हणतो. बदली नर्स नाही, तरी मी जा म्हटलं. ती दारापर्यंत जाते, परत ओढली जाते. मनगटावर बोटांचे वळ. म्हणते, कोणीतरी धरून राह्यलं, साहेब. मी दुसरा हात धरून ओढला — आतली ओढ जास्त.

१४ जून
कोपऱ्यातल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो — धनीबाई, सुट्टी, हुकूम माझा! आत बांगड्या वाजल्या. मग आवाज, अगदी अदबीनं: बदलीवर कोण, साहेब?
बाहेर दीर हाका मारतोय. प्रभावती रडतेय.
मी, म्हणालो.
तिचा हात सुटला. धावली. बांगड्याही माझ्या अंगावरून, दाराबाहेर —

१५ जून
दार उघडं. पाय उंबऱ्याशी थांबतो. डॉक्टर आले, मला उंबऱ्यात अडकलेला पाहिलं, घाबरून फाटकातूनच परत.
हाताखाली आता एकही माणूस नाही. सगळे पळाले. आणि माझ्या जागी बदली —