गाईचा घास

आई, काल सर्वपित्री झाली आणि तुझं पान मी गाईला घातलं नाही. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. तुझी सून म्हणते, झालं ते झालं, आता किती कुढाल?

पण आधी गेल्या साली काय झालं ते ऐक. वस्तीवर आता दावणीला सगळ्या जर्सी. गावरान गाय आपलीच उरलीय, तुझ्या गाईची नात. आणि लोकांचं म्हणणं, जर्सीला घातलेलं पितरांना पोचत न्हाई! मग काय, अख्खी वस्ती पानं घेऊन आपल्या गोठ्यात. खीर, भात, वडे, परत खीर. मी म्हणणार होतो, पुरे करा बाबांनो. पण लहानपणी मी विचारलं होतं, एवढं गाईला पचतं का गं, तेव्हा तू चुलीपुढूनच खेकसली होतीस, "पुन्याला माप लावतोस व्हय रं?" ते आठवलं नि बाजूला झालो.

दिवस कलायच्या आत तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. दात खातीय, रवंथ बंद, उठवलं तर उठत नाही. तसाच फोन लावला. कोल्हारहून गुरांचे डॉक्टर आले. नळी घालून त्यांनी पोटातलं पाणी काढलं, तसा आंबूस भपकारा आला. त्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघितला नि मान हलवली. "पीएच पार खाली गेलाय. हिच्या पोटातले जंतू हिचा चारा पचवतात. पाणी एवढं आंबट झालं की ते मरतात, मग ही पण जाते."

मी म्हणालो, "साहेब, पितरांचं अन्न होतं हो."

"पोटाला काय कळतंय? कडबा चावताना लाळ सुटते, लाळेत सोडा असतो, तो आंबटपणा मारतो. भातात चावायला हाय काय?"

खायचा सोडा पाण्यात कालवून नळीनं सोडला, सलाईन लावलं. मी तिच्या जबड्याकडे बघत बसलो. हलेना. खरं सांगू, तुझा लई राग आला तेव्हा. दुसऱ्या दिवशी उन्हं गोठ्यात आल्यावर जबडा एकदा हलला, मग परत हलला. तुझी सून रडायलाच लागली.

म्हणून काल गोठ्याच्या दारात उभा राहिलो. शेजारची काकू खिरीचं पान घेऊन आली. आडवा आलो तर म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवतोस व्हय रं?" मी तिच्या हातात हिरव्या चाऱ्याची, लसूणघासाची जुडी दिली. "गाईला घासच द्यायचा ना काकू? हा घ्या घास." बडबडली, पण घातला. तुझ्या नावानंही मी तोच घातला. गाय ठणठणीत आहे.

पण आई, शेवटी शुगर वाढून तुझं रक्तच आंबट झालंय म्हणाले होते दवाखान्यात. तू खीर मागायचीस आणि आम्ही वाटी लांब ठेवायचो. गेल्यावर वर्षातून एकदा तरी गाईच्या तोंडून पोचत असेल, एवढंच समाधान होतं. तेही काल मीच बंद केलं. हे पत्र टाकायचं तरी कुठं? नुसत्या घासावर भागलं का गं तुझं?