रविवारची गाणी निवडताना

रवि. १४ सप्टें.
उपासना झाली. गीतं ४२, ११८, २०७. माझा गळा बसलेला, त्यात तबला हातभर मागे. तबल्यावरच्या दिनकरमामांना आता ऐकू कमी येतं. मी पेटीवर काय वाजवतेय ते माझ्या खांद्याकडे बघून ओळखतात. संपल्यावर वळून बघितलं तर सगळी पांढरी डोकी. मागच्या सतरंज्या अंथरल्या तशाच गुंडाळल्या.

ईस्टरपासून आमच्या घरातून रविवारी दोन वाटा फुटतात. मी आणि हे पायी चर्चला. आशिष नि स्नेहल इव्हाला मधे बसवून गाडीवर मिरजगावला, हायवेलगतच्या हॉलमधल्या नव्या उपासनेला. तिथे ड्रम आहेत, गिटार आहे, पडद्यावर शब्द येतात. मुलगा-सून एका घरात, एका ताटात, पण रविवारी वेगळे. गावातली बरीच तरुण मंडळीही तिकडेच.

मग पंचकमिटी बसली. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तरुण कुटुंबांना रुचतील अशी गाणी निवडा. नाहीतर दोन वर्षांनी हे चर्च बंद करून शेजारच्या गावाला जोडतील."

म्हणजे खापर माझ्या पेटीवर. बघते म्हटलं. ज्या बाईला स्वतःचा मुलगा राखता आला नाही, ती गावाचे राखणार.

बुध. १७ सप्टें.
ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी हयात एसटीत कंडक्टरकीत गेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला एसटीचाच दाखला. म्हणाले, "गाडीवर आता अहिल्यानगर लिहितात, तरी पॅसेंजर नगरचंच तिकीट मागतो. पाटी बदलून काय होतंय?"

म्हटलं, मग गाणी बदलू नको का?

"बदल की. मी कुठं नाही म्हणतोय. माझी झोप होते दोन्हीत."

ह्या माणसाशी भांडायलाही जोर लागतो.

शुक्र. १९ सप्टें.
इव्हा नऊ महिन्यांची झाली. बाप्तिस्म्याचं विचारलं. आशिष म्हणाला, "घाई काय आहे, मम्मी?" हॉलमध्ये लेकरांचा बाप्तिस्मा करत नाहीत. नुसता आशीर्वाद देतात, मग मोठेपणी पाण्यात बुडवून. ह्यांचे वडील, हे, आशिष, तिघांचा बाप्तिस्मा आपल्या चर्चमधल्या त्या दगडी पात्रावर झाला. मला इव्हाचाही तिथेच हवाय. बोलून दाखवलं तर म्हणतील आई दडपण आणते. म्हणून इथे लिहून ठेवते. हवाय.

शनि. २० सप्टें.
आठवडाभर मोबाईलवर नवी गाणी ऐकली. कान किटले. चार ओळी आणि त्या वीस वेळा. अखेर एक सापडलं. शब्द साधे, ठेका उडता, लेकरंही म्हणतील असं. सराव घेतला. दिनकरमामा म्हणाले, "बाई, ह्ये लई पळतंय. पर वाजवतो."

मला बरं वाटलं. हुरूप आला म्हणायला हरकत नाही.

रवि. २१ सप्टें.
फजिती.

नवं गाणं घेतलं. दुसऱ्या ओळीला बायकांच्या बाजूला कुजबुज. तिसऱ्या ओळीला संडे स्कूलची पोरं पुढे येऊन नाचायला लागली, तीही सगळी एकसारखी, हात वर, कमरेला झटका. मला वाटलं, वा, पवित्र आत्म्याने काम केलं. ध्रुपद परत घेतलं. दोनदा.

नंतर कळलं. ती चाल हळदीच्या डीजेची. सगळ्या तालुक्यात हळदीला हेच वाजतं. नवरदेवाच्या अंगावर हळद फासताना. कुणीतरी त्यावर प्रभूचे शब्द बसवले आणि मी ते पेटीवर सव्वा पट रंगवून वाजवलं. मी डीजे लागला की दार लावून घेते, मला कुठून माहीत असणार.

याकोबभाऊ दारात उभे. आमचे जुने पंच, माझ्या लग्नाच्या आधीपासून दाराची सेवा त्यांच्याकडे. म्हणाले, "बाई, आता निस्ता घोडा आणायचा राह्यला."

पाळकसाहेब हसू दाबत होते. मी पेटी झाकली आणि थेट घरी आले.

सोम. २२ सप्टें.
आशिषला कुणीतरी व्हिडिओ पाठवला. सकाळी चहाच्या वेळी बघितला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. स्नेहल तोंडाला पदर लावून आत पळाली. मग मीच हसले. किती महिन्यांनी ह्या स्वयंपाकघरात आम्ही एकत्र हसलो.

जाताना आशिष म्हणाला, "मम्मी, एकदा हॉलला ये. ऐक तरी."

पेटीवरच्या बाईने रविवारी दुसरीकडे जायचं. लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ आहे.

रवि. ५ ऑक्टो.
गेले. पाळकसाहेबांना आधी सांगितलं. म्हणाले, "जा, बाई. मलाही सांगा आल्यावर." चार गावांच्या उपासना करून तो माणूसही थकलाय. आपल्याकडे पेटी आज मार्थाताईंनी ओढली.

हॉल म्हणजे पत्र्याचं शेड. आवाज असा की छातीत धडधड होते. गाणी खरं सांगायचं तर सुमार. एक तर सुरातही नव्हतं, गिटार चढी आणि गाणारा उतरलेला. माझ्या मनात आलं, हे? ह्यासाठी?

मग स्नेहलकडे लक्ष गेलं. डोळे मिटून गात होती. गोड, जाड आवाज आहे तिचा. दोन वर्षं झाली लग्नाला, मी तिचा गाण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. इव्हा एका अनोळखी मावशीच्या मांडीवर भोकाड पसरून रडत होती. एक माणूस वळून बघेना.

परतताना रिक्षात स्नेहलला विचारलं, "आपल्या चर्चमध्ये का नाही गं गायलीस कधी? गाणी जुनी वाटतात?"

"नाही हो मम्मी. माहेरी श्रीरामपूरला हीच जुनी गाणी तर म्हणायचो. मला सगळी येतात."

"मग?"

"मी आत कुठे असायची? नवी होते तेव्हा लाजायची आणि इव्हा झाल्यावर तिला घेऊन व्हरांड्यात असायची."



सोम. ६ ऑक्टो.
डोक्यातून जात नाही.

आमच्याकडची रीत अशी. लेकरू रडलं की दारातून याकोबभाऊ दोन बोटं वर करतात. रागाने नाही, नुसती दोन बोटं. आई उठते, चपला शोधते, व्हरांड्यात जाते. आशीर्वचन होईपर्यंत तिथेच. ऊन आलं की खांबाच्या सावलीला सरकायचं. मी पेटीवर पुढे तोंड करून बसते, मला मागचं दिसत नाही. पण माहीत तर होतं. सगळ्यांना माहीत आहे. आशिष लहान असताना सासूबाई त्याला घेऊन बाहेर बसायच्या, म्हणून मी आत वाजवू शकले. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनाही गायचं होतं का.

आणि मी महिनाभर गाणी शोधतेय. ज्यांच्यासाठी शोधतेय त्या भिंतीपलीकडे उभ्या.

फार दमल्यासारखं वाटतं आज.

रवि. १२ ऑक्टो.
पंचकमिटीत विषय काढला. आया लेकरं घेऊन आत बसतील, पुढे, पेटीजवळ. रडली तर रडली.

पा.सा. म्हणाले, "बाई, मग उपदेश कुणाला ऐकू येणार?"

ह्यांनी मागून, "आत्ता तरी कोण ऐकतंय?" हे कमिटीत नाहीत. चहा घेऊन आले होते.

याकोबभाऊ म्हणाले, "देवाच्या घरात शांतता नगं व्हय? माज्या बापानं मला शिकिवलं, दार राखायचं. मी कुनाला वंगाळ बोललो का कदी?"

नाही बोललात, म्हटलं. खरंच नाही बोलले कधी.

ठरलं ते अर्धवट. हंगामाच्या सणाला, पीक वाहतात तेव्हा, एकदा करून बघायचं. याकोबभाऊ 'बरं' म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

बुध. १५ ऑक्टो.
स्नेहलला विचारलं. सणाला येशील? भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकली. मग, "येईन. पण मी उठून बाहेर नाही जाणार, मम्मी. उठवलं तर घरी जाईन, परत यायची नाही." आशिष म्हणाला, ती येईल तर मी येईन. बाप्तिस्म्याचं मी काढलं नाही. त्याने पण नाही.

रवि. ९ नोव्हें. हंगामाचा सण


चर्च भरलेलं. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी आणि कुणीतरी अर्पणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव. स्नेहल आली. आशिषही. शेजारच्या दोन पोरी लेकरं घेऊन तिच्यामागून. पेटीच्या बाजूला चादर टाकली होती, तिथे बसल्या.

नवं काही घेतलं नाही. गी. ११८, संथ, अभंगाची चाल. पहिल्या कडव्याला स्नेहलचा आवाज माझ्या कानाशी. जाड, गोड. मी पेटीचा भाता हळू केला, तो ऐकू यावा म्हणून.

दुसऱ्या कडव्यात इव्हा रडली. चांगली मोठ्याने. माना वळल्या. मी वळले तर याकोबभाऊ दारात, दोन बोटं वर. सवयीने. आता वाटतं सवयीनेच. स्नेहल गाता गाता थांबली आणि चपलांकडे बघायला लागली.

मी पेटी बंद केली. कडव्याच्या मधेच. दिनकरमामांना कळलं नाही, ते एकटेच थोडा वेळ वाजवत राहिले, मग थांबले. मी माईकमध्ये म्हटलं, "स्नेहल, बस. याकोबभाऊ, कोंबडी सकाळपासून ओरडतेय, तिला कुणी बाहेर काढलं नाही."

कोणीतरी फसकन हसलं. मग बरेच हसले.

याकोबभाऊंनी बोटं खाली घेतली. वळले आणि व्हरांड्यात जाऊन बसले. लिलावालाही आत आले नाहीत.

इव्हा रडायची थांबली. गीत पुरं केलं. स्नेहल गायली नाही पुढे. मीही नीट वाजवलं नाही.

माईकमध्ये बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर, ह्या वयाच्या माणसाला. हे बोललेच, "बरोबर होतीस, पण घंटी फार जोरात मारलीस."

मंगळ. ११ नोव्हें.
पा.सा.चा फोन. काहींचं म्हणणं, बाईंनी माफी मागावी. काहींचं, बाईंनी हे आधीच करायला हवं होतं. "मी काय करू, बाई?" मलाच विचारतात.

स्नेहल नेहमीसारखी. नेहमीपेक्षा जरा कमीच बोलते. रविवारचं विचारलं तर म्हणते, बघू.

गुरु. १३ नोव्हें.
याकोबभाऊंकडे गेले. ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सलाम केला, त्यांनी केला. वहिनींनी पाणी आणलं.

म्हटलं, भाऊ, चुकलं माझं. बोलायचं ते घरी येऊन बोलायला हवं होतं.

शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी त्या पोरींचं बोलला, त्ये खरं हाय. पर माजं कुनी बोललं न्हाई. इतकी वर्सं म्या दारात हुबा हाय. एक कान आत, एक कान भाईर. मी तरी कुटं गायलो?"

 ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. कुणीच केला नाही.

म्हटलं, या रविवारी आत बसा ना. पुढे.

"आन् दार?"

राहू दे उघडं.

हसले नाहीत. म्हणाले, "मला येत बी न्हाई आता. चाल इसरलो." वहिनी आतून म्हणाल्या, खोटं बोलत्यात, गोठ्यात रोज म्हनत्यात.

येतो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. निघताना ओंजळभर शेंगा दिल्या.

शनि. १५ नोव्हें.
उद्याची गीतं काढायला बसलेय. मनात दोन माणसं. एकीला म्हणता येईल असं आणि एकाला आठवेल असं. तरुण कुटुंबांना रुचेल वगैरे आता सुचतच नाही, डोकं चालत नाही तेवढं. गी. २०७ काढलं, खोडलं, परत काढलं.

हे म्हणाले, "उद्या कोण कोण येणार?" म्हटलं माहीत नाही.

तिन्हीसांजेला स्नेहल मोरीत इव्हाचे कपडे धूत होती. धुता धुता गुणगुणत होती. शब्द येत नव्हते, नुसती चाल. आपलं गीत की हॉलमधलं, पाण्याच्या आवाजात ओळखू येईना. मी हातातलं काम टाकून दारामागे उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी.

थांबेल म्हणून विचारलं नाही.