पाचवा चेहरा

जे. पी. नगर, बेंगळुरू
२५ ऑक्टोबर २०२५

चि. श्रीकांत यास,
अ. उ. आशीर्वाद.

गुरुवारी, २३ ऑक्टोबरला, भाऊबिजेच्या सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तुझ्या ईशानने घरच्या ग्रुपवर नाचाचा व्हिडिओ टाकला. लुंगी नेसून कंबर हलवणारी पाच चित्रं, त्यांच्या धडांवर आपले चेहरे. तू, प्रांजली, ईशान, मी आणि पाचवा तुमचा कुत्रा. तुझे भाऊजी नाहीत.

सात वर्षं हा उद्योग ह्यांनीच केला. दर दिवाळीला आपली डोकी नाचऱ्यांच्या धडावर चिकटवायची, मला मिशी लावायची, तुझं टक्कल मुद्दाम उजळायचं. मार्चात पक्षाघाताने उजवी बाजू गेली, म्हणून यंदा ते काम ईशानकडे. इथवर ठीक. ह्यांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा डाव्या हाताच्या बोटांवर माणसं मोजली आणि फोन उपडा ठेवला.

तेव्हापासून व्यायाम बंद. व्यायाम करून घेणारी भव्या रोज येते, ‘अंकल, स्वल्प, स्वल्प’, थोडंसं तरी करा, म्हणून विनवते. हे भिंतीकडे तोंड फिरवतात. डॉक्टरांनी बजावलंय, हे महिने वाया गेले तर पाय परत येणार नाही.

आणि तू भाऊबिजेला आला नाहीस, कारण म्हणे गाड्यांना गर्दी. एवढी वर्षं गाड्या रिकाम्या धावत होत्या वाटतं.

ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून सुटू नकोस. शाळेत सिस्टर सांगायच्या, माफी कागदावर मागावी, म्हणजे खाडाखोडही दिसते.

संतापलेली, तरी तुझीच,
नयनाताई


बेळगाव
३० ऑक्टोबर २०२५

ती. नयनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी प्रांजलीने वाचलं आणि मला म्हणाली, बसून वाचा.

ईशानवर रागावू नकोस. त्याने भाऊजींचा चेहरा लावला होता. मी काढायला लावला. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना नाचवायचं, हे मला निर्दयपणाचं वाटलं. जागा रिकामी राहिली, तिथे पोराने कुत्रा घातला.

गाड्यांचं खोटं होतं. एप्रिलमध्ये भाऊजींना पाहिलं, तोंड ओढलेलं, माझं नाव उच्चारता येईना. तुला औषधं आणायला जातो सांगून खाली गेलो आणि रिक्षा स्टँडवर उभा राहून रडलो. पुन्हा यायचा धीर होत नाही.

ईशान नवा व्हिडिओ करतो. त्यांच्या साठीचा हसरा फोटो आहे, तोच लावू. चालेल ना?

रागातही माया असू दे.
तुझा,
श्रीकांत


जे. पी. नगर, बेंगळुरू
३ नोव्हेंबर २०२५

चि. श्रीकांत यास,
अ. उ. आशीर्वाद. खरं लिहिलंस म्हणून एक जास्त.

साठीचा फोटो चालणार नाही. मी तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ते रिक्षा स्टँडपर्यंत ऐकून हसले, फोटोपाशी आल्यावर चिडले. स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणाले, हा लाव. मी विचारलं, लोक हसतील, चालेल? तर चार मिनिटं झगडून त्यांनी सांगितलं, की हसावं म्हणूनच तर व्हिडिओ करतात.

भव्याने काढलेला फोटो सोबत आहे. तोंड डावीकडे ओढलंय, उजवा डोळा अर्धाच उघडतो, हनुवटीवर दाढी करताना माझ्या हातून कापलंय. ईशानला सांग, काहीही सरळ करायचं नाही. कुत्र्याला हवं तर सहावं धड दे.

व्हिडिओत स्वतःला पाहिल्याशिवाय पाय उचलणार नाही, असा ह्यांचा हट्ट आहे, आणि मला एकेक दिवस जड जातोय. पण तो फोनवर पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये आणि त्यांच्याशेजारी बसून बघ. तुझं नाव अजून पुरतं येत नाही, ‘कांत’ एवढंच जमतं. तेवढ्यावर ओ द्यायची.

कोणत्या गाडीने, कोणत्या तारखेला येतोस, ते लेखी उत्तर सोमवार, १० नोव्हेंबरला दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. ‘प्रयत्न करतो’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझी,
नयनाताई