गोदाचे सुतक

सोलापूर, वैशाख वद्य, सन १९३०

मिरवणुकीवरच्या गोळीबारात जखमी झालेला दत्तू आज सकाळी दवाखान्यात वारला. आमच्या गोदाचा साखरपुडा त्याच्याशी झाला होता, ज्येष्ठात लग्न होते. निरोप आला तेव्हा मला काहीच वाटले नाही. अजून वाटत नाही. असे कसे?

गोदाने अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावर घागर ओतून घेतली आणि पडवीत वेगळी जाऊन बसली. केसांतून पाणी गळत होते, ते पुसेना.

ही म्हणाली, "अगं, अक्षता पडल्या न्हाईत, तुला कसलं सुतक? लोकांना कळलं तर पुढं कोण करून घेईल तुला?"

"मिरवणुकीला जाताना नळावर थांबला हुता की, आई. म्हणला, येताना भेटतो. मी व्हय म्हणलं." मग माझ्याकडे वळून, "आबा, आपल्याला सुतक न्हाय का?"

शास्त्राने नाही. मला ठाऊक आहे. तिच्या केसांतले पाणी फरशीवर पडत होते, तेवढेच मी पाहत राहिलो.

पूजेची वेळ झाली होती. देवघराचे दार लोटून घेतले आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

आज देव पारोसेच आहेत.